बोर्डात नाव आलं नाही, आता पेपर टाकू का?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"सर, मी हवाई दलात ग्रुप कॅप्टन आहे, वय ४७. एनडीएतून आलो, फायटर स्ट्रीम, एका स्क्वाड्रनचा सीओ होतो (सीओ म्हणजे स्क्वाड्रनचा प्रमुख). सध्या दिल्लीत टेबलावर आहे. शेवटची सॉर्टी होऊन सतरा महिने झाले. गेल्या महिन्यात एअर कमोडोर या वरच्या रँकच्या निवड बोर्डाचा निकाल लागला, त्यात माझं नाव नाही. माझ्या कोर्सच्या दोघांची नावं आहेत. एक जुना मित्र विमान कंपनीत आहे, तो म्हणतो, पेपर टाक (मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दे) आणि ये. बायको शाळेत शिकवते. लग्नानंतरचं हे आमचं चौदावं घर. मुलगी अकरावीत आहे. वडील (आम्ही त्यांना दादा म्हणतो) कराडला असतात, एसटीत ड्रायव्हर होते. पोरगा एअर मार्शल होणार, असं ते गावभर सांगतात. त्यांना अजून काही बोललो नाही. माझ्यावर अन्याय झाला का? थांबू की जाऊ? आणि दादांना काय सांगू?"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रश्न बढतीचा वाटला. तिसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर अडलो, जे तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात. शेवटची सॉर्टी होऊन सतरा महिने झाले. बोर्डाचा निकाल तुम्ही नुसता "गेल्या महिन्यात" असा लिहिलाय, पण सॉर्टीचे, त्या शेवटच्या उड्डाणापासूनचे, महिने मोजून ठेवलेत. दुखणं कुठे आहे ते मला तिथे कळलं. त्याकडे येतोच, पण हा माणूस कुठून बोलतोय ते आधी तुम्हाला माहीत असावं.

मी १९७९ साली हवाई दलात अधिकारी म्हणून कमिशन झालो आणि ऐन उमेदीची वर्षं मिग-२१ या लढाऊ विमानावर काढली. २००४ साली, ग्रुप कॅप्टन असताना, बोर्डात माझं नाव आलं नाही. निकाल कळल्यावर अकराव्या दिवशी मी अर्ज लिहिला. रात्री साडेदहाला बसलो, एका बैठकीत लिहून काढला आणि सकाळी देऊन आलो. बायकोला त्यानंतर चहा घेताना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. मंजुरी यायला बरेच महिने गेले. त्या काळात माझ्याकडे उड्डाण सुरक्षेचं एक काम होतं, पक्षी धडकण्याच्या घटनांची टिपणं जमवण्याचं. चांगलं काम होतं. मी ते मन लावून केलं नाही आणि अर्धवट टाकून निघालो. डायनिंग आउटला, म्हणजे निरोपाच्या जेवणालासुद्धा तब्येतीचं कारण सांगून गेलो नाही. स्क्वाड्रनचं चिन्ह कोरलेली लाकडी ढाल पुढे कुरियरने घरी आली, सुतळी बांधलेल्या खोक्यात. ते खोकं कितीतरी दिवस मी उघडलंच नाही.

त्यानंतर विमान कंपनीत सतरा-अठरा वर्षं उडवलं, ६५ व्या वर्षी थांबलो. सोडल्याची मला खंत नाही. ज्या मनाने सोडलं त्याची आहे, आणि ती वीस वर्षांत कमी झालेली नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की पुढचे तीन महिने कुठलाही अर्ज लिहू नका. मित्राला सांगा, विचार चालू आहे. विमान कंपन्या कुठे पळून जात नाहीत.

आता बोर्डाचं. फ्लाइंग ऑफिसरपासून विंग कमांडरपर्यंतची वाट वर्षांच्या हिशेबाने चालते हे तुम्हाला ठाऊक आहे, पण हे सदर वाचणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं म्हणून लिहितो. कमिशननंतर दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. परीक्षा, मेडिकल आणि वागणूक नीट असली की ते होत जातं. ग्रुप कॅप्टनपासून मात्र निवड सुरू होते. जे तिथे निवडीत बसत नाहीत त्यांना २६ वर्षांनंतर टाइम-स्केलने, म्हणजे नुसत्या सेवेच्या वर्षांवर, ती रँक मिळते. तुम्ही निवडीने ग्रुप कॅप्टन झालात, म्हणजे एक चाळण तुम्ही कधीच पार केली आहे.

तिथून वर उतरंड फार भराभर निमुळती होते. हवाई दलाच्या कमांड सात. दिल्ली, शिलाँग, प्रयागराज, गांधीनगर आणि तिरुवनंतपुरम इथल्या पाच ऑपरेशनल, बेंगळुरूची ट्रेनिंग आणि आपल्या नागपूरची मेंटेनन्स. प्रत्येक कमांडला प्रमुख एकच, आणि साऱ्या हवाई दलाला प्रमुख एकच. नांदेड जिल्ह्यातल्या हस्तऱ्याचे विवेक राम चौधरी डिसेंबर १९८२ मध्ये कमिशन झाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये प्रमुख झाले, जवळजवळ ३९ वर्षांनी. इतकी वर्षं प्रत्येक टप्प्यावर तब्येत, वरिष्ठांनी लिहिलेले अहवाल, वय आणि जागा या चारही गोष्टी जुळून याव्या लागतात. त्यातली जागा ही गोष्ट माणसाच्या हातात अजिबात नसते.

त्यात आजचे दिवस. मंजूर फायटर स्क्वाड्रन ४२, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिल्यावर उरल्या २९. स्क्वाड्रन कमी म्हणजे सीओच्या खुर्च्या कमी. त्यातली एक खुर्ची तुम्हाला मिळाली. पत्रात तुम्ही ती अर्ध्या वाक्यात उरकली आहे, "एका स्क्वाड्रनचा सीओ होतो". ज्या कामासाठी हवाई दल एका फायटर पायलटला वीस वर्षं घडवतं, ते काम तुम्ही केलंत. विमानं, ती उडवणारी पोरं आणि ती उडती ठेवणारे शेकडो एअरमन तुमच्या सहीवर होते. हे वाक्य तुम्ही पुन्हा एकदा, सावकाश, पूर्ण लिहून बघावं असं मला मनापासून वाटतं.

मुद्द्याचं आता. समजा नाव आलं असतं. एअर कमोडोर झाला असता, एखादा तळ मिळाला असता. तळाचा प्रमुख, एओसी, म्हणजे धावपट्टीची डागडुजी, कुंपण, पाणी, शाळा, क्वार्टर्स, शेजारच्या गावाशी जमिनीचा वाद, पावसाळ्यात वाढलेलं गवत आणि त्या गवतात येणारे पक्षी. उडायला मिळतं, पण वेळ काढून. तिथून पुढे एअर व्हाइस मार्शल म्हणजे पुन्हा ऑफिस. जी बढती हुकली ती तुम्हाला कॉकपिटकडे नेणारी नव्हतीच, आणखी लांब नेणारी होती. मग एवढं का लागलं? मला वाटतं, सतरा महिन्यांपूर्वी जे गेलं त्याचं दुःख तुम्ही केलंच नाही. आता बोर्डाच्या निमित्ताने ते बाहेर पडतंय.

माझी शेवटची सॉर्टी संपली तेव्हा रिवाजाप्रमाणे पोरांनी बादल्या ओतल्या, फोटो काढले, चहा झाला. ओला ओव्हरऑल उतरवायला आत गेलो. ऑक्सिजन मास्कचा वळ नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालांवर उमटलेला असतो, तुम्हाला सांगायला नको. एरवी तो तासाभरात जातो, आपल्याला कळतही नाही कधी गेला ते. त्या दिवशी मी आरशासमोर उभा राहून तो फिका होताना बघत होतो. पूर्ण गेला तेव्हा बाहेर आलो. कुणाला बोललो नाही. घरातलं माणूस गेलं तर दहावं-तेरावं होतं, चार लोक येऊन बसतात. याचं काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही फाइल उघडता आणि लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. चंदीगडचा सोहळा टीव्हीवर दाखवत होते तेव्हा मी पुण्यात घरी होतो. शेवटचं विमान उतरेपर्यंत मी खुर्चीवर बसलोच नाही, उभ्यानेच पाहिलं.

तेव्हा आधी हे मान्य करा की फायटर उडवणं संपलं. बोर्डाने ते संपवलेलं नाही, वयाने आणि सेवेच्या रचनेने संपवलंय, आणि प्रत्येकाचं ते संपतं. एकदा हे मनात बसलं की "थांबू की जाऊ" हा प्रश्न साधा होतो. उरलेल्या वर्षांत रोज सकाळी उठून कोणतं काम करायला आवडेल, एवढाच तो उरतो.

विमान कंपनी हे त्याचं उत्तर असू शकतं. ते चांगलं आयुष्य आहे, मी ते जगलोय. पण मित्र म्हणतो तसं "ये आणि बस" इतकं ते सोपं नाही. एटीपीएल या वैमानिकाच्या परवान्याला १,५०० तास लागतात, तेवढे तुमचे झालेलेच असतील. पण रात्रीचे, क्रॉस-कंट्रीचे आणि इन्स्ट्रुमेंटचे तास वेगळे मोजले जातात, आणि आपल्या लॉगबुकात, उड्डाणांच्या नोंदवहीत, नेमके तेच तोकडे असतात. आपली सॉर्टी पाऊण तासाची. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर माझ्याकडे २,४०० च्या आसपास तास होते आणि एएन-३२ हे वाहतुकीचं विमान उडवणाऱ्या माझ्या मित्राकडे त्याच्या दुपटीहून जास्त. या तीन महिन्यांत करायचं एक काम देतो. सगळी लॉगबुकं काढा, वही घ्या आणि हे तास वेगवेगळे लिहून काढा. एकट्याने बसून करा. तासांचा हिशेब तर होईलच, पण पानापानावर जी नावं आणि जी विमानं दिसतील त्यांच्याबरोबर थोडा वेळ बसणं होईल, आणि त्याची तुम्हाला गरज आहे.

मग डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, परीक्षेचे पेपर आहेत. नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी, रेडिओ एड्स. जगभर उडवलेल्या माणसालाही ते पुस्तक घेऊन बसावं लागतं. क्लास वन मेडिकल आहे. मान आणि कंबर आधी दाखवून घ्या. नऊ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट भार, ओढलेल्या माणसाचे मणके त्याला सांगितल्याशिवाय झिजलेले असतात. माझ्या मानेचं एमआरआय पाहून डॉक्टरांनी विचारलं होतं, कधी अपघात झाला होता का. टाइप रेटिंगचा, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचा, खर्च लाखांत आहे आणि पुष्कळदा तो स्वतःच्या खिशातून करावा लागतो. मुदतीआधी सोडायचा अर्ज केला म्हणजे तो मंजूर होतोच असं नाही, वैमानिकांचे अर्ज अडलेले मी पाहिलेत. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायची तर त्याचीही आधी परवानगी काढावी लागते. म्हणजे आज अर्ज टाकला तरी प्रवासी विमानाच्या उजव्या सीटवर बसेपर्यंत तुम्ही ४९ चे झालेले असाल. सीट उजवीच. डाव्या सीटवर एकतीस वर्षांचा कॅप्टन बसलेला असेल आणि त्याचे त्या विमानावरचे तास तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त असतील.

हे पचवता येईल का, हे स्वतःला खरंखरं विचारा. मला सुरुवातीला जड गेलं. सिम्युलेटरच्या पहिल्या आठवड्यात मी सवयीने विमान जरा जोरात वळवलं. प्रशिक्षक वयाने माझ्यापेक्षा लहान होता, शांतपणे म्हणाला, "सर, मागे १८० माणसं बसली आहेत आणि त्यांच्या हातात चहा आहे." त्या एका वाक्याने माझं उडवणं बदललं. तोवर मी विमान आणि मी एवढाच विचार केला होता. मागे बसलेल्या माणसाचा कप हलू नये म्हणून उडवण्यातही एक कसब आहे, आणि ते यायला मला दोन वर्षं लागली. जुलैच्या पावसात, समोरून वारा असताना मुंबईच्या सत्तावीस नंबरच्या धावपट्टीवर विमान अलगद टेकवून टर्मिनलला लावायचं आणि मग दारातून उतरणाऱ्या म्हाताऱ्या बायका, कडेवरची पोरं बघायची. त्या समाधानाला मी कमी लेखणार नाही. पण ते समाधान वेगळं आहे. मिगची भूक ते भागवत नाही. ती भागेल या आशेने गेलात तर सहा महिन्यांत कंटाळाल. पहाटे तीनची टॅक्सी, दिवसात चार उड्डाणं, हॉटेलची खोली, असा तो दिवस असतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण पत्रात तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही आणि काढायला हवं होतं. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात ग्रुप कॅप्टनचं मूळ वेतन १,३०,६०० पासून सुरू होतं आणि एअर कमोडोरचं १,३९,६०० पासून. मिलिटरी सर्व्हिस पे दोघांनाही १५,५०० च. म्हणजे हुकलेल्या बढतीने घराचं बजेट कोसळलेलं नाही. वीस वर्षं झाल्यामुळे पेन्शन तुमचं पक्कं आहे, शेवटच्या वेतनाच्या निम्मं. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. १ जुलै २०१४ नंतर स्वतःहून मुदतीआधी बाहेर पडलेल्यांना सरकारने वन रँक वन पेन्शनमधून वगळलं आहे. माझ्यासारख्या त्याआधी सोडलेल्यांचं पेन्शन त्या योजनेत सुधारत गेलं, तुमचं तसं होईल असं धरून चालू नका. विमान कंपनीच्या पगारापुढे आज ही रक्कम किरकोळ वाटेल. पंच्याहत्तराव्या वर्षी वाटणार नाही. अर्जावर सही करण्याआधी लेखा विभागातल्या माणसासमोर बसून दोन्ही आकडे कागदावर मांडून घ्या, आणि तो कागद वहिनींना दाखवा.

वहिनींबद्दल तुम्ही लिहिलंय, शाळेत शिकवते, चौदावं घर. चौदा घरं म्हणजे चौदा वेळा नवी शाळा शोधायची, नवा पगार ठरवायचा, पडद्यांची मापं बदलायची. त्यांचं मत काय, हे मात्र पत्रात कुठे नाही. माझ्या बायकोने अर्जाबद्दल कधी तक्रार केली नाही. पंधरा वर्षांनी एकदा, कुणाच्या तरी लग्नातून परत येताना गाडीत म्हणाली, "तुम्ही विचारलं असतं तर मी होच म्हणाले असते." एवढंच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तुमच्यावर हे ऐकायची पाळी येऊ नये. मुलगी अकरावीत आहे, तिची बारावी होईपर्यंत घर हलवायचं की नाही, हा निर्णय तिघांनी बसून घ्या.

थांबायचं ठरलं तर कशासाठी थांबायचं, तेही ठरवा. पहिल्यांदा नाव न आलेल्यांचा पुढे पुन्हा विचार होतो. त्याचं धोरण लेखी असतं, ते पान काढून वाचा. मात्र त्या एका आशेवर वर्षं काढू नका. बोर्डाकडे डोळे लावून बसलेला ग्रुप कॅप्टन मी पाहिलाय. दर पोस्टिंगला तो अर्धाच हजर असतो आणि ते हाताखालच्या माणसांना लगेच कळतं. त्यापेक्षा शिकवण्याचं काम मागून घ्या. तुम्ही क्वालिफाइड फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहात की नाही ते पत्रात नाही. असाल तर दारं जास्त आहेत. खडकवासल्याला एनडीएत हवाई दलाची ट्रेनिंग टीम आहे, तिथे सुपर डिमोना या मोटर ग्लायडरवर कॅडेटना पहिल्यांदा हवेत नेतात. ज्या आवारातून तुम्ही निघालात तिथेच. मुंबई, पुणे, नागपूरला एनसीसीच्या एअर स्क्वाड्रन मायक्रोलाइट ही छोटी हलकी विमानं उडवतात. फायटरपुढे हे खेळणं वाटेल, पण शेजारच्या सीटवर सतरा-अठरा वर्षांचं पोर असतं आणि त्याचं विमान पहिल्यांदाच जमीन सोडत असतं. शिवाय सिम्युलेटर आहेत, उड्डाण सुरक्षा आहे, चौकशी समित्या आहेत. अपघाताच्या चौकशीत अनुभवी माणूस नसला तर अहवाल कसा पोकळ होतो, ते तुम्हाला माहीत आहे.

माझे एक सीनिअर बोर्डात बसले नाहीत आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबले. त्यांना सिम्युलेटरवर टाकलं होतं. लोक हळहळायचे. ते मात्र रोज संध्याकाळी पोरांना बसवून इमर्जन्सीची उजळणी घ्यायचे, आणि प्रत्येक तुकडीला एक वाक्य सांगायचे, "वेळेत इजेक्ट व्हा. विमान सरकारचं आहे, तुम्ही आईचे आहात." त्यातल्या एकाने पुढे इंजिन बंद पडल्यावर वेळेत हँडल ओढलं आणि तो सीटसकट विमानाबाहेर पडला. आज तो आजोबा झालाय. दर दिवाळीला तो सरांच्या घरी जायचा, ते गेल्यावर आता त्यांच्या पत्नीला भेटायला जातो. सर एअर कमोडोर झाले असते तर त्या संध्याकाळी सिम्युलेटरच्या खोलीत कोण असतं, हे मला सांगता येत नाही.

आता अन्यायाचं. तुमचे अहवाल मी पाहिलेले नाहीत, म्हणून झाला किंवा नाही झाला असं म्हणणार नाही. एक कसोटी मात्र देतो. एखाद्या ठरावीक वर्षाच्या, ठरावीक अहवालावर बोट ठेवून तुम्ही म्हणू शकता का, की इथे चुकीचं लिहिलंय आणि त्याला माझ्याकडे कागद आहे? म्हणू शकत असाल तर वायुसेना कायद्याच्या कलम २७ खाली तक्रार करा, आणि तिथे दाद लागली नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, मुंबईलाही त्याचं खंडपीठ आहे. तो तुमचा हक्क आहे, त्यात कमीपणा काही नाही. बोट ठेवायला जागा नसेल, नुसतं "त्या दोघांपेक्षा मी बरा होतो" असं वाटत असेल, तर ते सोडून द्या. ते दोघेही बरेच असतील. आणि त्यांना फोन केला नसेल तर आज करा. मी माझ्या कोर्समेटला सात वर्षं केला नाही. केला तेव्हा त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, आमच्याकडे बोलायला फार वेळ उरला नव्हता.

राहिले दादा. मला तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच वाटला आणि त्यावर मी दोन दिवस घालवले. दादा गावात सांगतात त्याचं ओझं तुम्ही घेतलंय. मूळगावकर, नाईक, चौधरी अशी मराठी नावं हवाई दलाच्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर पेपरात छापून येतात, आणि कराडच्या कट्ट्यावर बसलेल्या बापाला वाटतं, पुढचं आपलं. त्यात चूक काय? पण मला नाही वाटत की त्यांना एअर मार्शल म्हणजे नक्की काय ते माहीत आहे. त्यांना त्यांचा मुलगा मोठा आहे एवढं सांगायचं असतं, आणि त्यासाठी त्यांना कानावर आलेला सगळ्यात मोठा शब्द तो. फोनवर काही सांगू नका. रजा टाका, कराडला जा, दोन रात्री राहा.

आणि गेल्यावर आपलं आधी काढू नका. आयुष्यभर स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी एका संध्याकाळी गाडी डेपोत लावून खाली उतरावं लागलं होतं. त्या दिवशी तुम्ही कुठल्या तरी लांबच्या तळावर असाल, रजा मिळाली नसेल किंवा मागितली नसेल. ती शेवटची फेरी कुठली होती, कंडक्टर कोण होता, बिल्ला त्यांनी कुठे ठेवलाय, डेपोतून घरी चालत आले की कुणी सोडायला आलं होतं, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला जाग आल्यावर त्यांनी काय केलं. हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? नसेल तर अंगणात खुर्च्या टाकून बसा आणि विचारा. ते बोलायला लागले की मध्ये बोलू नका. त्यांचं संपलं की सतरा महिन्यांचं सांगा, बोर्डाचं त्यानंतर.